पाठीवरचं दाताळं

१

कालव्यात सापडलेल्या माणसाला चेहरा उरला नव्हता. पाठ मात्र बऱ्यापैकी शाबूत होती, आणि उजव्या खांद्याच्या फऱ्यावर एक चिनी अक्षर गोंदलेलं होतं. तेवढ्या अक्षरावर माझी भाची विधवा झाली.

मला हे कळलं तेव्हा गॅसवर दूध होतं. फोन घाईसाहेबाचा. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण आधी माणूस पकडायचा आणि मग त्याला बसेल असा गुन्हा शोधायचा, ही त्याची जुनी खोड. तो माझ्या हाताखाली होता तेव्हापासून मी त्याला 'घाई' म्हणते. पुढे तो पोलीस ठाण्याच्या खुर्चीवर बसला आणि मी निवृत्त होऊन घरी बसले, म्हणून मागे 'साहेब' लावलं. बसले म्हणजे नावापुरती. मला दोन गोष्टी जन्मात जमल्या नाहीत, एक बसणं आणि दुसरी गप्प बसणं. गुडघा गेलाय, काठी आली, तरी पायाला भिंगरी आहे ती आहेच.

"मॅडम, तुमच्या भाचीने बॉडी ओळखली," तो म्हणाला. "डोक्यात मागून घाव आहे, म्हणजे आत्महत्या नाही. संध्याकाळपर्यंत मला तिला आत घ्यावं लागणार. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा म्हटलं आपणच सांगावं."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले.

ही भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण लवकर गेली, पोर माझ्याकडेच वाढली. माझं स्वतःचं मूल नाही, आणि ते मला कधी जाणवू दिलं नाही ते हिनेच. तिचा नवरा ठेकेदार. मागच्या वर्षी त्याने बांधलेल्या एका इमारतीचा सज्जा खाली आला आणि खाली उभी असलेली माणसं गेली. खटला सुरू झाला. पुढच्या आठवड्यात तारीख होती, आणि भाचीने ठरवलं होतं की कोर्टात खरं सांगायचं. सिमेंट कमी वापरा असं नवरा फोनवर सांगत होता, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, शेजाऱ्यांनी ऐकलं. तो तणतणत साइटवर गेला, त्याच्यामागोमाग ही गेली, परत आली ती एकटी. त्यानंतर त्याला कोणी पाहिलं नाही.

आता तुम्हीच सांगा, घाईसाहेबाला आणखी काय हवं?

२

भाची स्वयंपाकघरात धुतलेली भांडी पुन्हा धूत होती. मला पाहून तिने नळ बंद केला, पण हात पुसायचं सुचलं नाही. बसवलं तर उठायची, उठली की खिडकीशी जायची. आमच्या घराण्याचीच सवय, काय बोलणार.

"मावशी, तोच आहे," ती म्हणाली. "पण मला रडू येत नाही. मी इतकी वाईट आहे का गं?"

मी म्हटलं, वाईट असतीस तर मोठ्याने रडली असतीस, मी नोकरीत तशा पुष्कळ पाहिल्या. मग तिला समोर बसवून एकेक विचारलं. साइटवर काय झालं? काही नाही, फाटकाशी पुन्हा वाजलं, त्याने तिला हाकललं, ती रडत घरी आली. वॉचमन होता का? होता, खोलीच्या दारात उभा होता, बिचारा मान खाली घालून. शवागारात काय पाहिलं? मनगटात नवऱ्याचंच घड्याळ. आणि पाठ.

"नीट पाहिलीस?"

"दारातूनच. पुढे पाऊल उचललं नाही माझं. पालथं ठेवलं होतं. ते अक्षर बघितलं, दात खाली, नेहमीसारखे, आणि मला भोवळ आली."

दात खाली म्हणजे काय ते मला तिने कपाटातला फोटो काढून दाखवलं. लग्नानंतर समुद्रावर गेले होते तेव्हाचा. ठेकेदार पाठमोरा पाण्याकडे चाललाय, उघडाबंब, आणि फऱ्यावर ते अक्षर. वर एक आडवी रेघ, तिच्यातून खाली लोंबणाऱ्या तीन उभ्या रेघा, मधली जास्त लांब. खिळ्याला टांगलेलं बागेतलं दाताळं जसं दिसतं तसं. भाची त्याला तेच म्हणायची, तुझ्या पाठीवरचं दाताळं. तो चिडायचा. लग्नाआधी बाजारातल्या एका दुकानात काढून घेतलं होतं, आणि त्याचा अर्थ म्हणे 'अजिंक्य'. चिनी तुला येतं का, असं तिने एकदा विचारलं, तर म्हणाला, अंगावर वागवायला भाषा कशाला यावी लागते.

उठता उठता मी सहज विचारलं, घरी कोण कोण येऊन गेलं. घाईसाहेब आला, भागीदार आला, धाकटा दीर आला. दीर फार रडला म्हणे. दादाची आठवण म्हणून काहीतरी द्या, वहिनी, असं म्हणाला आणि दादाचा जादा चष्मा घेऊन गेला.

"चांगला चष्मा कुठेय मग?"

"तो फुटला. वॉचमनच्या खोलीजवळ त्याच्या काचा सापडल्या पोलिसांना. त्या मी ओळखल्या."

ती पुन्हा नळाकडे वळली. संध्याकाळपर्यंत वेळ आहे, असं मी तिला सांगितलं नाही. तिला ते ठाऊक होतं.

३

साइट कालव्याला लागूनच. फाटकाला कुलूप, वॉचमनच्या खोलीलाही कुलूप. बाहेर वाळूच्या ढिगाशी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तब्येतीने धडधाकट, हाताच्या कातडीवरून सतत गरम कामात असणारी. तू कोण म्हणून मी विचारलं तर लाँड्रीत इस्त्री करते म्हणाली, भावाला भेटायला आलेय, फोन लागत नाही. मला भागीदाराला गाठायचं होतं, मी तशीच पुढे गेले.

भागीदार आपल्या कचेरीत फेऱ्या मारत होता. चहा मागवला आणि मागवल्याचं विसरला. दोघांचं पटत नव्हतं हे त्याने न विचारताच कबूल केलं. खटल्याचं विचारल्यावर मात्र त्याची जीभ जरा सैल सुटली. आता जे काही झालं ते गेलेल्या माणसाच्या सहीनेच झालं होतं, असं तो दोनदा म्हणाला. मेलेल्याच्या खांद्यावर ओझं ठेवायला किती सोपं असतं, तो बिचारा खाली टाकत नाही.

"वॉचमन कुठे आहे?" मी विचारलं.

तो सुट्टीवर. बहीण आजारी आहे म्हणून गावी गेला, असा ठेकेदाराचाच मेसेज आला होता, नाहीसा व्हायच्या संध्याकाळी. मी मान डोलावली. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त भागीदाराचे घामट हात होते.

तिथून दिराकडे. त्याचं पाट्या रंगवायचं वर्कशॉप, वर लाकडी माळा. शटर अर्धं ओढलेलं. मला पाहून तो वाकून बाहेर आला आणि शटर आणखी खाली ओढलं. बाहेर ऊन रणरणत होतं, माझ्या हातात काठी, तरी आत या म्हणाला नाही. रंगाचा वास तुम्हाला सोसायचा नाही, मावशी, म्हणे. डोळे सुजलेले होते, ते खरं. बॉडी आजच ताब्यात मिळावी, उद्या सकाळी सगळं उरकून टाकू, असं त्याचं एकच पालुपद. मी विचारलं, एवढी घाई कसली? तर म्हणाला, वहिनीचे हाल बघवत नाहीत.

वहिनी तुरुंगात जायची वेळ आली आहे हे त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, पोलीस काय ते बघतील. माझ्या भाचीने ह्याच्या आजारपणात ह्याचं पथ्यपाणी केलं होतं. मला इतका राग आला की काठी उचलायचा हात मी दुसऱ्या हाताने धरला.

मधेच घाईसाहेबाला ठाण्यातून बाहेर काढलं आणि त्याच्या मोबाईलवरचा फोटो बघितला. नुसतं अक्षर, जवळून काढलेलं, डोकं नाही की कंबर नाही. मी म्हटलं सरळ धर रे. त्याने मोबाईल फिरवला, फोटोही फिरला. परत फिरवला, परत फिरला. "काय फरक पडतो, मॅडम," तो वैतागला, "अक्षर तेच, जागा तीच."

अक्षर तेच. पण ते अक्षर काही ठेकेदाराच्या बापाने त्याला दिलेलं नव्हतं. बाजारातल्या एका दुकानातून घेतलेलं होतं, आणि दुकानातला माल एकालाच विकत नाहीत. मी रिक्षा थांबवली.

४

टॅटूवाल्याने दाढी छातीपर्यंत वाढवली होती आणि मानेपासून मनगटापर्यंत मोकळी जागा ठेवली नव्हती. मला बघून म्हणाला, "बसा आजी, काय काढायचं?"

आजी! मी म्हटलं, तुझी जीभ काढायची आहे, पण आधी हे बघ. समुद्रावरचा फोटो पुढे केला. त्याने ठेकेदाराला लगेच ओळखलं, आणि त्याची तारीफच सुरू केली. मोठ्या मनाचा माणूस हो. जुनं गिऱ्हाईक. इतक्यात, काही महिन्यांपूर्वी, आपल्या वॉचमनलासुद्धा घेऊन आला होता, स्वतःच्या खर्चाने हेच अक्षर, ह्याच जागी काढून दिलं. कोण करतं हो नोकरासाठी एवढं? वॉचमनला गुदगुल्या व्हायच्या, सारखा हसायचा, सुई धरवत नव्हती.

"ठेकेदाराने स्वतःची पाठ दाखवली तेव्हा?"

नाही. मापासाठी दाखवा म्हटलं तर शर्टावरूनच चिमटीने दाखवलं, एवढं, इथे. आणि भिंतीवर बोट ठेवलं, हे.

भिंतीवर मोठा छापील कागद होता, चिनी अक्षरांच्या ओळीच्या ओळी. प्रत्येकाखाली चिठ्ठी चिकटवलेली: प्रेम, धैर्य, आई, यश. दाताळ्याखाली 'शक्ती'. मी विचारलं, अर्थ कुठून आणलेस? तो ओशाळला. कागदावर नुसती अक्षरं छापून आली होती, आजी, म्हणजे मावशी. लोक विचारतात अर्थ काय, मग काहीतरी सांगावं लागतं. वाईट अर्थ कोणी घेत नाही. एकाला 'अजिंक्य' सांगितलं असेल, दुसऱ्याला 'शक्ती', काय बिघडलं?

मी कागदाजवळ गेले. मला स्वस्थ उभं राहवत नाही म्हणून गेले, खरं तर. तर चिठ्ठ्यांच्या खाली डिंकाचे जुने डाग नव्हते. डाग होते प्रत्येक अक्षराच्या वर. आणि टाचण्यांची भोकं कागदाच्या वरच्या कोपऱ्यांत होती तशी खालच्याही.

"हा कागद तू कधी उलटवलास?"

दाढीवाला एवढा लाल झाला की गोंदण दिसेना. इकडेतिकडे बघून त्याने दार लोटलं, आणि मग सांगितलं. दोन वर्षं झाली असतील. एक म्हातारा प्रवासी चप्पल दुरुस्त होईपर्यंत बाहेर उभा होता. आत डोकावला आणि पोट धरून हसायला लागला. त्याला ती लिपी येत होती. त्याने खुणेने सांगितलं, सगळा कागद उलटा टांगलाय. डोकं खाली, पाय वर. दुकान उघडल्यापासून तसाच होता, आणि ज्यांच्या ज्यांच्या अंगावर अक्षरं गेली ती सगळी उलटी गेली. "कोणाला सांगणार होतो, मावशी? कोणालाच येत नाही ती भाषा. मी रातोरात कागद फिरवला, चिठ्ठ्या नव्याने लावल्या आणि गप्प बसलो."

"आणि त्याने दाताळ्याचा अर्थ सांगितला?"

"डोंगर. नुसता डोंगर. खाली जमीन आणि वर तीन शिखरं."

ठेकेदाराने आपलं गोंदण लग्नाआधी, कितीतरी वर्षांपूर्वी काढलं होतं, कागद उलटा होता तेव्हा. त्याची शिखरं कमरेकडे. वॉचमनचं अलीकडचं, कागद सरळ झाल्यानंतरचं. त्याची शिखरं डोक्याकडे. आणि दोघांनाही, काढणारा सोडला तर जगात कोणालाही, ह्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता फक्त एक पाठ बघायची राहिली होती.

५

शवागाराचं दार उघडलं. अक्षराचे दात खाली होते. अगदी समुद्रावरच्या फोटोसारखे.

म्हणजे तोच. ठेकेदारच. मी एवढी धावपळ केली, दुकान पालथं घातलं, आणि अर्ध्या तासात माझ्या पोरीला घाईसाहेब गाडीत बसवणार. तो माझ्या मागेच उभा होता. हळूच म्हणाला, मॅडम, चला. त्या वेळी त्याच्या आवाजात कीव होती आणि ती मला सहन झाली नाही. गुडघा तर असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. कुठे टेकायला मिळतं का बघितलं. एकच स्टूल होतं, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. मी भिंतीला धरून तिथपर्यंत गेले, बसले, आणि मान वर केली.

दात वर होते.

मी डोळे मिटले, उघडले. दात वरच. मग मला दार दिसलं. दार टेबलाच्या ज्या टोकाला होतं, त्या टोकाला मृताचं डोकं होतं. मी बसले होते पायांशी.

"घाई," मी म्हटलं, "तू तो फोटो दारात उभं राहून काढलास ना?"

हो म्हणाला. भाचीनेही दारातूनच पाहिलं होतं. डोक्याकडून पाहिलं की सरळ गोष्ट उलटी दिसते, एवढंच. जिवंत माणसाची पाठ आपण डोक्याच्या बाजूने कधी बघत नाही. तिने उलटं पाहिलं, तिच्या आठवणीतलंही उलटंच होतं, दोन्ही जुळले. तिचा काय दोष? मी त्याला ओढून पायांशी उभं केलं, समुद्रावरचा फोटो हातात दिला आणि दोन्हींत कंबर कुठे आहे ते बघ म्हटलं. त्याने फोटो पाठीशेजारी धरला. अक्षर तेच होतं, जागा तीच होती, पाठ दुसऱ्याची होती.

"मग हा कोण?" त्याने विचारलं.

मला साइटबाहेर वाळूच्या ढिगाशी बसलेली ती बाई आठवली. वॉचमन आजारी बहिणीकडे गेलाय म्हणे. बहीण तर धडधाकट, पिशवी घेऊन त्याची वाट बघत होती. मी तिला काही न विचारता पुढे गेले होते. "साइटवर गाडी पाठव," मी म्हटलं. "नीट बोल तिच्याशी. आणि ठेकेदार जिवंत आहे. कुठे आहे ते मी सांगते."

६

संध्याकाळी भाचीच्या दिवाणखान्यात सगळे होते. घाईसाहेब, भागीदार, दीर. दीर तर बॉडीचे कागद मिळतील म्हणून आधीच येऊन बसला होता. भाची खिडकीशी. मी बसले नाही.

मी सांगायला सुरुवात केली ती सज्ज्यापासून. खटल्यात ठेकेदार सुटणार नव्हता, त्यात बायकोच साक्ष देणार. सुटायचा एकच मार्ग, मरायचं. पण स्वतः मरायची हिंमत ह्या 'अजिंक्य' माणसात नव्हती. मग त्याने आपल्याच बांध्याचा एक माणूस निवडला, जो रात्रंदिवस कालव्याच्या काठावर एकटा राहतो आणि साहेबाने बोलावलं की येतो. त्याला हौसेने दुकानात नेलं, आपल्यासारखं गोंदवलं. जखम भरून गोंदण जुनं दिसायला लागेपर्यंत महिने थांबला. भाचीशी भांडण झालं त्या संध्याकाळी त्याला आयतं निमित्त मिळालं, बायको त्याच्यामागोमाग निघालेली शेजाऱ्यांनी पाहिली. मागून घाव बसल्यावर वॉचमनने मरताना हातपाय झाडले असतील, त्यात ह्याचा चष्मा फुटला. ह्याने आपलं घड्याळ त्याच्या मनगटात घातलं, वॉचमन सुट्टीवर गेल्याचा मेसेज भागीदाराला टाकला, आणि उरलेलं काम कालव्यावर सोडलं.

भाचीने भिंतीला हात टेकला. मी थांबले नाही, थांबले असते तर मलाच पुढे बोलता आलं नसतं.

"दुसऱ्याची पाठ त्याने कधी नीट पाहिलीच नाही," मी म्हटलं. "स्वतःची पाहिली ती आरशात मान वाकडी करून. भिंतीवर बोट ठेवलं आणि हेच म्हणाला. अर्थ माहीत असता तर उलटं-सुलटं कळलं असतं."

भागीदार सुटकेचा श्वास सोडत होता. त्याला मी म्हटलं, तुम्ही फार सैल बसू नका, खटला आता जिवंत माणसावर आहे आणि तो तुमचंही नाव घेईल. मग दिराकडे वळले.

"तुझ्या दादाचा चष्मा कुठे आहे रे?"

तो म्हणाला, घरी ठेवलाय. आठवण म्हणून.

"आठवण म्हणून माणूस पेन मागतो, फोटो मागतो. घालायचा चष्मा कोणाला लागतो? ज्याचा फुटलाय त्याला. आणि मला एवढ्या उन्हात बाहेर उभं केलंस, रंगाचा वास सोसायचा नाही म्हणून. तुझ्या माळ्यावर ज्याला तो वास सोसतोय, त्याला आता खाली बोलावशील, की आम्ही वर जाऊ?"

दीर तोंड ओंजळीत धरून बसून राहिला. मग तिथूनच म्हणाला, दादाने सांगितलं वॉचमन पाय घसरून पडला होता. माझ्यासाठी एवढं कर म्हणाला. भावाला नाही कसं म्हणू?

"आणि वहिनी तुरुंगात गेली असती ते?"

घाईसाहेबाने फोन लावला. ह्या वेळी त्याची घाई मला आवडली. ठेकेदार माळ्यावर पाट्यांच्या मागे सापडला, डोळ्यांवर जादा चष्मा, बाजूला जेवणाचा डबा. त्याला खाली उतरवताना शर्ट फाटला, आणि घाईसाहेबाने आधी पाठ बघितली म्हणे. दात खाली.

मला ते कळलं तेव्हा भाची माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम. मी म्हटलं, रड, आता रड, आणि माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

७

वॉचमनला त्याच्या बहिणीने ओळखलं ते गोंदणावरून नव्हे. लहानपणी खेळता खेळता तिच्या हातून त्याच्या घोट्याला गरम इस्त्री टेकली होती. तो डाग तिने आधी शोधला आणि मग जमिनीवर बसली. आपल्या माणसाचं सगळं तिने स्वतः केलं. भाची तिच्याबरोबर उभी राहिली, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

काही दिवसांनी ती बाई माझ्या दारात आली. म्हणाली, बाई, ते दुकान मला दाखवाल? रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं. सुट्टीला आला होता तेव्हा भावाने शर्ट वर करून तिला ते अक्षर दाखवलं होतं. फार खूश होता. साहेबांच्या पाठीवर आहे तेच माझ्या पाठीवर आहे, तायडे, असं सांगत होता. साहेबांनी अर्थही सांगितलाय, 'भाऊ'. साहेब म्हणाले, आजपासून तू माझा भाऊ.

नोकरीत मी हरामखोर पुष्कळ पाहिले, पण हे शब्द ऐकून अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाने बायकोला एक अर्थ सांगितला, ज्याचा जीव घ्यायचा होता त्याला दुसरा. आणि ह्या बाईजवळ आता तो दुसरा अर्थच तेवढा उरला होता.

दुकानात ती खुर्चीवर बसली, डावा हात पुढे केला आणि मनगटावर बोट ठेवलं. इस्त्री फिरवताना डोळ्यांसमोर राहील तिथे. "त्याच्या पाठीवर होतं ते," ती म्हणाली. "भाऊ."

दाढीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. त्या प्रकरणापासून त्याला सचोटीचा झटका आला होता, भिंतीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या होत्या, गिऱ्हाइकाला खरं सांगायचं असं ठरवलं होतं. तो घसा खाकरून म्हणाला, "ताई, एक सांगतो, त्या अक्षराचा खरा अर्थ..."

मी काठी त्याच्या पायावर ठेवली आणि भार दिला.

"भाऊ," मी म्हटलं. "त्याचा अर्थ भाऊ. एका म्हाताऱ्या प्रवाशाने सांगितलाय, त्याला ती भाषा येत होती."

दाढीवाल्याने मान डोलावली, अक्षराचा कागद घेतला आणि तिच्या मनगटाशी धरला. ह्या धंद्यात पडल्यापासून बहुधा पहिल्यांदाच त्याने गिऱ्हाइकाला विचारलं, ह्याचं वरचं टोक कुठल्या बाजूला ठेवू.

"त्याचं होतं तसं," ती म्हणाली. "सरळ."